भाचा घरात आला, पण कागदावर नाही: गोव्यात मुलाचं पालकत्व घेताना या चुका टाळा

ताई गेली तेव्हा भाचा सात वर्षांचा होता. भावोजी गेले तेव्हा नऊ. दिवसकार्य आटोपलं आणि तो डिचोलीला माझ्याकडे राहायला आला, एका हातात शाळेची पिशवी, दुसऱ्या हातात बॅट. कुणी वाद घातला नाही, कुणी काही विचारलंही नाही. मावशीकडे नाही तर पोर कुठे जाणार?

दोन वर्षांनी पावसाळ्यात तो न्हाणीघरापाशी घसरला आणि हात मोडून घेतला. हॉस्पिटलात कारकुनाने संमतीचा फॉर्म पुढे केला. "आई?" नाही. "वडील?" नाही. "मग पालक कोण?" मी म्हटलं, मी. "कोर्टाचा आदेश आहे?" माझ्याकडे नोटरीचा कागद होता, तो मी मोठ्या विश्वासाने काढून दिला. त्याने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि माझ्या नावापुढे 'नातेवाईक' असं लिहिलं. हात जुळला, उपचार काही अडले नाहीत. पण त्या एका शब्दाने मला वकिलाच्या पायरीपर्यंत नेलं. त्यानंतरच्या वर्षभरात मी स्वतः केलेल्या आणि कोर्टाच्या व्हरांड्यात इतरांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे.

नोटरीचा शिक्का म्हणजे पालकत्व नव्हे

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. ताईच्या दोन्ही दिरांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं की मुलाचा सांभाळ मावशीने करावा, आमची हरकत नाही. नोटरीने शिक्का मारला. शाळेने तो कागद मुकाट्याने फायलीत लावला, म्हणून मला वाटलं काम झालं. पण नोटरी फक्त सही कुणाची आहे एवढंच बघतो. मुलाचे पालक नेमण्याचा अधिकार ना नोटरीला आहे, ना काकांना, ना पंचायतीला. बँकेत भावोजींची ठेव अडकली, पासपोर्टचं काम पुढे सरकेना, तेव्हा प्रत्येक खिडकीवर तोच कागद तशाच घडीत परत आला.

भावोजींनी शेवटच्या आजारपणात वहीच्या पानावर लिहून ठेवलं होतं, 'माझ्यामागे मुलाला त्याच्या मावशीकडे ठेवा.' ते पान दाखवून मी म्हणत होते, हे बघा मृत्युपत्र. वकीलबाईंनी शांतपणे समजावलं की गोव्यात मृत्युपत्र असं होत नाही. ते उपनिबंधक कार्यालयात विशेष नोटरीसमोर करायचं असतं, आणि मुलं असतील तर माणसाला आपल्या वाट्याच्या अर्ध्याचीच वाटेल तशी विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा मुलांचाच. तरी ते पान फाडू नका, असंही त्या म्हणाल्या. मृत्युपत्र म्हणून त्याला किंमत नसली तरी बापाची इच्छा काय होती, हे कोर्टाला त्यातून कळतं. आमच्या अर्जाला ते जोडलं होतं.

ज्यांची मुलं लहान आहेत आणि जे हे वाचताहेत, त्यांनी आपल्यामागे मुलांचा पालक कोण, हे त्या कार्यालयात जाऊन रीतसर नोंदवून ठेवावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कुठल्या दारावर थाप मारायची?

गोव्यात पोर पोसण्याची रीत जुनी आहे. कोकणीत 'पोसकें' असा शब्दच आहे. मोठ्या घरात वाढलेलं, त्या घरचं जेवलेलं, घरच्यांसारखंच राबलेलं पोर. घरात सगळीकडे असायचं, वाटणीच्या कागदात मात्र नसायचं. त्या रीतीत माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण मायेच्या नावाखाली फुकटची मोलकरीणही मिळायची. आजही कुणी घाटावरच्या गरीब कुटुंबातली मुलगी 'शिकवायला' म्हणून घरी आणतं आणि भांडी तिच्यापुढे ठेवतं. 2003 चा गोवा बाल कायदा आणि त्याखालचं पणजीचं बाल न्यायालय असल्या प्रकारांसाठीच आहे.

म्हणून आधी हे ठरवा की मूल तुमच्याकडे आलं आहे ते कुठल्या वाटेने.

देवळाच्या आवारात, बसस्टँडवर सापडलेलं, किंवा कुणी 'घेऊन जा' म्हणून हातात दिलेलं मूल असेल, तर पालकत्वाचा अर्ज हा तुमचा मार्गच नाही. 1098 ला फोन करा, किंवा पोलीस, नाहीतर बाल कल्याण समिती. 2015 च्या बाल न्याय कायद्याने असं मूल आढळल्यावर 24 तासांत कळवणं बंधनकारक आहे, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे मोजून मूल आणणारे तर थेट तुरुंगाच्या वाटेवर असतात. माझ्या ओळखीत एक जोडपं असं बाळ महिनाभर सांभाळून बसलं होतं, चांगल्या मनाने. समितीसमोर त्या चांगल्या मनाचा पुरावा द्यायला त्यांना फार जड गेलं.

मूल नात्यातलं असेल तर दोन वाटा आहेत, पालकत्व किंवा दत्तक. लोक हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात. पालकत्वात मूल आपल्या आई-वडिलांचंच राहतं, आडनाव तेच, वारसा त्यांचाच. तुम्ही त्याचं अठरावं सरेपर्यंत राखणदार. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं. बाल न्याय कायद्यात दत्तकासाठी 'नातेवाईक' म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलत-मावस नातं त्यात बसत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. मला शेजाऱ्यांनी "दत्तकच घे, झंझट संपेल" असं सांगितलं होतं. पण भाचा नऊ वर्षांचा होता, त्याला आई आठवत होती, बाबा आठवत होते. त्याचं नाव बदलण्याचा मला काय अधिकार?

मुंबईचा नमुना उतरवू नका

इंटरनेटवर मराठीत अर्जाचे नमुने मिळतात. बहुतेक महाराष्ट्रातले, त्यात 1956 च्या हिंदू कायद्यांची कलमं भरलेली. गोव्यात ते चालत नाहीत. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तरी 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत इथेच राहिली. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना जवळपास तीच. त्या संहितेत पालकत्वाला 'तुतेला' म्हणतात, दोन्हीकडच्या जवळच्या नातलगांचं कौटुंबिक मंडळ आहे, आणि पालकावर नजर ठेवणारा दुसरा एक जण. वारसा आणि वाटणीसाठी आता गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, 2016 च्या डिसेंबरपासून लागू झालेला.

म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: अर्ज 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली करायचा की संहितेखाली, आणि का? जो वकील या प्रश्नावर चिडेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जा. बाई अर्जदार असेल तर तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. मुलांनाही मिळतो. मला हे कळलं तोवर अर्धी फी भरून झाली होती.

मुलाचा वाटा: सगळ्यात मोठा घोळ इथे होतो

बाकीच्या चुका निस्तरता येतात. या चुकीने घरं तुटतात.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते, निम्मी त्याची, निम्मी तिची. ताई गेली तेव्हा तिचा अर्धा भाग मुलाकडे आला. सात वर्षांचा पोर, दुसरीत शिकणारा, एका घराचा आणि नारळाच्या बागेचा भागीदार झाला होता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. भावोजी गेल्यावर दुसरा अर्धाही त्याचाच. वडिलोपार्जित घरात काकांचे वाटे वेगळे, ते तसेच. पण भावोजींच्या वाट्याचा मालक आता तो.

काका वाईट नव्हते. त्यांना एवढंच वाटत होतं की घर आमचं, पोर आमचं, तर हिशेब कसला? आणि मीही सुरुवातीला तसंच म्हणत होते. त्यातूनच पुढच्या चुका झाल्या.

बागेचे पैसे मी माझ्याच खात्यात ठेवत होते. पाडेली येऊन नारळ पाडायचा, विक्रीचे पैसे यायचे, त्यातून शाळेची फी, डॉक्टर, बूट. खर्च मुलावरच व्हायचा, पण ते दाखवणार कसं? एक दिवस धाकट्या काकांनी सहज विचारलं, "वहिनींच्या बागेचं यंदा किती झालं?" आणि माझ्याकडे आकडा नव्हता. तो प्रश्न त्यांनी भांडायला विचारला नव्हता, पण मी उत्तर न दिल्यामुळे तो भांडणाचा झाला. मुलाच्या नावाने वेगळं खातं उघडा, पहिल्याच महिन्यात. त्याचं उत्पन्न त्यात जमा, त्याचा खर्च त्यातून. आणि एक साधी वही. पाड्याची तारीख, नारळांची संख्या, पाडेल्याची मजुरी, विक्री. काजूची पावणी, म्हणजे लिलाव, केली असेल तर तीही. कोर्ट हिशेब मागू शकतं, आणि कोर्टाने नाही मागितला तरी एक दिवस पोरगा मागणार.

दुसरी चूक विक्रीची. गोव्यात जमिनीला गिऱ्हाईक लगेच येतं, आणि दलाल अगदी गोड बोलतो: "बाय, तू पालक ना? मग तुझी सही पुरे." नाही पुरे. कोर्टाने नेमलेला पालक कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाची स्थावर मालमत्ता विकू शकत नाही, गहाण टाकू शकत नाही, बक्षीस देऊ शकत नाही. 1890 च्या कायद्यात पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही त्यात येतो, तसंच मूल सज्ञान झाल्यावर वर्षाच्या पुढे जाणारा पट्टा. पोर्तुगीज संहितेत तर खुद्द आई-वडिलांनाही मुलाची मालमत्ता विकायला कोर्टाची परवानगी लागते, आणि तीही तातडीची गरज किंवा मुलाचा उघड फायदा दिसला तरच. मूल मोठं झाल्यावर असा व्यवहार मोडून काढू शकतं, आणि तेव्हा खरेदीदार तुमच्या दारात येतो, दलाल येत नाही. अशी परवानगी मागायचीच असेल तर पैसे नेमके कशासाठी हवेत आणि विकून उरलेले कुठे ठेवणार, हे अर्जातच लिहा. 'मुलाच्या भल्यासाठी' एवढ्यावर भागत नाही.

तिसरी चूक जास्त नाजूक. पालक होणारा माणूस स्वतःच त्याच घरातला वाटेकरी असेल, म्हणजे काका पुतण्याचा पालक आणि दोघांचं घर एकत्र, तर वाटणीच्या वेळी तो दोन्हीकडून सही करणार. वारसा वाटपाच्या कोर्टातल्या कामाला आपण इन्व्हेंटरी म्हणतो. तिथे मालमत्तेची यादी होते, वारसांमध्ये बोली लागू शकते. काकाने स्वतःसाठी बोली लावावी आणि पुतण्यासाठी गप्प बसावं, हे कुणालाच शोभत नाही, कितीही सरळ माणूस असला तरी. अशा ठिकाणी मुलाच्या बाजूने दुसरा कुणी उभा राहील असं कोर्टाला सांगा. मोठ्या काकांनी पालक व्हायचं म्हटलं होतं, पण वकीलबाईंनी हे समजावल्यावर तेच म्हणाले, "मग मावशीच बरी. तिला आमच्या घरात काही नको." आमच्यातली तेढ सुटली ती त्या दिवशी.

भावोजींची पुण्यात एक खोली होती. तिला महाराष्ट्राचा नियम लागेल असं सगळे म्हणत होते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गोवेकराची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्या कायद्यानेच ठरतो. म्हणून यादीत ती खोलीही आली.

परदेशातले आई-बाप

पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेलेले, आखातात गेलेले, बोटीवर असलेले. मुलं आजीकडे. अशा घरांत पालकत्वाचा अर्ज करण्याची घाई होते, आणि अर्जात कुणीतरी लिहितं, 'आई-वडील संपर्कात नाहीत'. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करणारे आई-वडील संपर्कात नाहीत? आई किंवा वडील हयात असून नालायक नसतील तर 1890 च्या कायद्याखाली कोर्ट त्यांना डावलून दुसरा पालक सहसा नेमत नाही, आणि खोटं लिहिलं तर पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. बहुतेक वेळा अशा घरांना पालकत्व लागतच नाही. शाळा, डॉक्टर, बँक यांसाठी नेमके कुठले अधिकार आजीला दिले आहेत ते लिहिलेलं अधिकारपत्र पुरतं, तिकडे भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं किंवा अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्का, लावलेलं. 'मुलाचं सगळं बघेल' असं एका ओळीत लिहिलेलं अधिकारपत्र मात्र कुठल्याच खिडकीवर चालत नाही.

नावं

हे छोटं वाटतं, पण आमचे दोन महिने इथेच गेले. ताईच्या लग्नाच्या नोंदीत आडनाव एका प्रकारे, मुलाच्या जन्मदाखल्यात दुसऱ्या, आणि सासऱ्यांच्या जमिनीच्या जुन्या कागदात पोर्तुगीज वळणाने तिसऱ्याच. गोव्यात प्रभूचा पोरोबो आणि कामतांचा कामोतीं असणं ही घरोघरची गोष्ट. अर्ज करण्याआधी सगळे दाखले शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग वाचा. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र किंवा नागरी नोंदणीत दुरुस्ती, जे लागेल ते आधी करा. जमिनीच्या फॉर्म एक-चौदाचा (गोव्याचा सातबारा म्हणा) ताजा उतारा काढा. आणि आई-वडिलांचे जन्म, लग्न, रहिवास आणि मृत्यूचे मूळ दाखले जपून ठेवा. मामलेदाराच्या पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्यापासून मुलींसाठीच्या लाडली लक्ष्मी योजनेच्या अर्जापर्यंत सगळीकडे पुढे तेच मागतात, मावशीचे नव्हे.

कोर्टात मूल

अर्ज मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा, वकिलाच्या ऑफिसला जवळच्या नाही. नातेवाइकांना नोटीस जाते, जाऊ द्या. कुणाला कळू न देता आदेश मिळवण्याचा खटाटोप केला की तोच नातेवाईक सहा महिन्यांनी आदेश रद्द करा म्हणून उभा राहतो. त्यापेक्षा काकांना आधी फोन करा, चहाला बोलवा, अर्ज वाचून दाखवा.

मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणं विचारतात, पुष्कळदा आपल्या दालनात, एकट्याला बसवून. इथे मी फार मोठी चूक करता करता राहिले. रात्री त्याला समोर बसवून मी शिकवायला लागले, असं सांग, तसं सांग, काकांबद्दल हे बोलू नको. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मावशी, पण मला सुट्टीत काकांकडे जायला आवडतं. ते सांगू की नको?" मला काही बोलता येईना. मग म्हटलं, सांग. विचारलं तर सगळं खरं सांग. दुसऱ्या दिवशी तो दालनातून दहा मिनिटांत बाहेर आला. काय विचारलं, मी आजवर विचारलेलं नाही. आदेशात मात्र एक ओळ होती, मे महिन्याच्या सुट्टीत आणि चवथीला मुलाने काकांच्या घरी राहावं. ते आम्ही मागितलं नव्हतं.

आदेश हातात आल्यावर

एकच प्रत काढून घरी येऊ नका. चार-पाच प्रमाणित प्रती लागतात. बँक एक ठेवते, शाळा एक, पासपोर्टच्या वेळी मूळ दाखवावी लागते. आदेश नीट वाचा. पालक 'व्यक्तीचा' की 'मालमत्तेचाही'? आमच्या मसुद्यात मालमत्तेचा शब्द राहिला होता, वेळेवर दिसला म्हणून वाचलो. नाहीतर ठेव सोडवायला पुन्हा नवा अर्ज.

कोर्टाने नेमलेला पालक मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर नेणार असेल तर आधी परवानगी लागते. नवऱ्याची बदली पुण्याला झाली, सामान ट्रकमध्ये भरलं, मूलही नेलं, असं होत नाही. हे मला आमच्याच गल्लीतल्या एका आत्याबाईंच्या प्रकरणातून कळलं. त्या बिचाऱ्या पुण्याहून तारखांना यायच्या.

बँकेत कुणी सांगेल की कोर्टाचा पालक असेल तर मूल एकवीसला सज्ञान होतं. पूर्वी तसं होतं. 1999 च्या दुरुस्तीनंतर अठराच.

भाचा आता सोळाचा आहे. पाड्याची वही तोच लिहितो, मी फक्त सही करते. मागच्या महिन्यात दोन वर्षांची जुनी पानं काढून बसला आणि बेरजेतली माझी 40 रुपयांची चूक शोधून काढली. 40 रुपये मी त्याच्या खात्यात भरले. त्याने पावती मागितली.